नंबर नसलेलं इंजिन

गेल्या वेळी मी हजेरीपट आणि व्याजाचा हिशेब यांवर बोलले होते. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी चक्क गाडीच्या इंजिनावर बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका, बायकांनी ऐकावं असंच आहे हे. मीही कला शाखेची पदवीधर. चार महिन्यांपूर्वी मला पिस्टन म्हणजे काय एवढंही नीट सांगता आलं नसतं.

आमच्या एका बचत गटात एक काकू आहेत, वय साठीच्या पुढे. त्यांचे मालक तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवायचे. टॅक्सी गेल्यावर गावी आले, थोडी शेती केली आणि दोन वर्षांपूर्वी वारले. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात त्यांनी एक इंजिन ठेवलं होतं. पूर्ण इंजिन नव्हे, वरचं हेड नसलेलं. गॅरेजवाले त्याला हाफ इंजिन म्हणतात. म्हणजे लोखंडाचा मुख्य ठोकळा, तो ब्लॉक. त्यात चार पिस्टन आणि खाली क्रँक. वर पोतं टाकलेलं आणि पोत्यावर कोंबड्या बसायच्या.

उन्हाळ्यात एक भंगारवाला आला. त्याने इंजिन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर नंबर नाही. बेवारस माल आहे. चोरीचा असणार. पोलिसांना कळलं तर तुम्हालाच त्रास. मी गुपचूप नेतो, दोन हजार देतो." काकू घाबरल्या. त्याने गाठलेली वेळही नेमकी होती. गटाचे तीन हप्ते थकले होते आणि महिन्याच्या बैठकीला चार दिवस राहिले होते.

इथे मी माझी चूक कबूल करते. काकूंनी बैठकीत हे सांगितलं तेव्हा पहिला सल्ला मीच दिला, "काकू, देऊन टाका. लोखंडच आहे, तेवढाच हप्ता फिटेल." माझं सगळं लक्ष माझ्या वहीतल्या थकबाकीवर होतं. काकू काही बोलल्या नाहीत. सगळ्या उठल्यावर मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, पैशाचं एक असू दे. पण तो माणूस आमच्या ह्यांना चोर म्हणून गेला. तीस वर्षांत त्यांनी कुणाचं पाकीट गाडीत राहिलं तर घरी नेऊन दिलंय. आणि मी त्या भंगारवाल्याला 'हो' म्हटलं तर तेच खरं ठरंल न्हवं?"

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी काकूंना फोन केला आणि म्हटलं, "इंजिन देऊ नका. आधी ते कशाचं आहे ते बघू."

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकते. तिला बोलावलं. तालुक्याच्या गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत, जुन्या गाड्यांवर हात बसलेले. त्यांनाही विनंती केली. ते म्हणाले, "मी रविवारी येतो. तोवर एक काम करा. आहे तसे फोटो काढा आणि मग रॉकेलने धुवा. पण तारेचा ब्रश मारायचा नाही आणि ग्राइंडर तर अजिबात लावायचा नाही. जिथे नंबर असायला हवा ती जागा घासलीत तर पुरावाच जाईल."

म्हणून आम्ही चौघी बसलो. रॉकेल, जुनी सुती कापडं, दात घासायचे जुने ब्रश आणि तेलाचा घट्ट थर काढायला लाकडाची चपटी काडी. पिस्टनवर थोडं डिझेल ओतून ठेवलं, कारण ते गंजून जाम झाले होते. दोन दिवस गेले त्यात.

धुतल्यावर काही अक्षरं आणि अंक वर आले. आम्ही आनंदाने ओरडलोच, नंबर सापडला म्हणून. मिस्त्री आले, बघितलं आणि हसले. "हा तो नंबर नव्हे." मग त्यांनी समजावलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आपल्या घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर दोन प्रकारची नावं असतात. एक कंपनीचा छाप, तो त्या कंपनीच्या सगळ्या डब्यांवर सारखाच. दुसरं आपण दुकानात बसून कोरून घेतलेलं, सासूबाईंचं नाव, तारीख, अमक्याच्या लग्नानिमित्त. लग्नाच्या घरातून शेजारची भांडी परत करताना आपण कुठलं नाव बघतो? कोरलेलं. कंपनीचा छाप बघून कुणाचं भांडं ते कळत नाही.

इंजिनाचंही तसंच. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. साच्यातच काही अंक असतात, ते ओतताना उठावाचे येतात, बोटाला उंच लागतात. तो त्या भागाचा नंबर, एका साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकवर तोच. इंजिन नंबर मात्र सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो, बोटाला खोल लागतो. तो एकेका इंजिनाचा वेगळा आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. आमच्या ब्लॉकवर उठावाचे अंकही अर्धे गंजाने खाल्लेले होते. आणि ठोकलेला नंबर नव्हताच.

नंबर का नसेल? मिस्त्रींनी तीन कारणं सांगितली. एक, कुणीतरी मुद्दाम घासून काढला. दोन, गंजाने किंवा दुरुस्तीत तासताना गेला. तीन, तो मुळात ठोकलेलाच नव्हता. सुटा भाग म्हणून जो ब्लॉक विकला जातो तो पुष्कळदा कोराच येतो. तिसरं कारण भंगारवाल्याने काकूंना सांगितलं नव्हतं.

नंबराची जागा बघायची पद्धत ऐका. दिवसाउजेडी नव्हे, तिन्हीसांजेला बॅटरी घ्यायची आणि उजेड समोरून न टाकता बाजूने, आडवा टाकायचा. आडव्या उजेडात बारीक खळगेही सावली देतात. शिवाय पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. घासलेलं असेल तर एकाच दिशेने ओरखडे दिसतात, ती जागा आजूबाजूपेक्षा खोल लागते, जुना रंग तेवढ्याच ठिकाणी नसतो. आमच्या ब्लॉकवर कारखान्यात तासलेली सपाट जागा होती, कडा शाबूत होत्या आणि जुना रंग बाजूसारखाच तिथेही चढलेला होता. मिस्त्री म्हणाले, "मला हा कोरा ब्लॉक वाटतो. पण मला वाटणं म्हणजे पुरावा नव्हे."

मग प्रश्न आला, हे इंजिन आहे तरी कुठल्या गाडीचं? भंगारवाला जाताजाता म्हणाला होता, "अँबेसिडरचं असेल, नाहीतर मारुतीचं. काय फरक पडतो." फरक पडतो मैत्रिणींनो. काकूंचे मालक चालवायचे ती प्रीमियर पद्मिनी. इंजिन पद्मिनीचं निघालं तर ते त्यांच्या धंद्यातलं सामान. दुसऱ्याच गाडीचं निघालं तर ते त्यांच्याकडे कसं आलं हा प्रश्न उभा राहतो. काकूंचा जीव त्यातच अडकला होता.

पद्मिनीबद्दल थोडं सांगते, कारण ही आपल्या महाराष्ट्रातली गाडी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीची 1100 ही छोटी गाडी तिथे बनायची. पुढे 1970 च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. म्हणून जुने ड्रायव्हर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणायचे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण जी ओळखतो ती हीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली.

आता नंबर नसताना हे ओळखायचं कसं? मोजून. त्या आयटीआयच्या पोरीने व्हर्नियर काढला आणि आम्ही चौघी तिच्या भोवती गुडघ्यांवर बसलो.

इंजिनात दोन मापं मोठ्या कामाची असतात. एक बोअर, म्हणजे पिस्टन ज्या गोल नळीत चालतो तिची रुंदी. दुसरं स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली किती जातो ते अंतर. डिझेल मुरल्यावर पिस्टन सुटले होते. मिस्त्रींनी क्रँक हळूहळू फिरवला. पिस्टन सगळ्यात वर असताना एकदा खोली मोजली, सगळ्यात खाली गेल्यावर पुन्हा मोजली आणि वजाबाकी केली. चारही पिस्टनचं तसंच केलं. स्ट्रोक आला 75 मिलिमीटर. बोअर प्रत्येक नळीत दोनदा मोजला, एकदा उभा, एकदा आडवा, कारण झिजलेली नळी गोल राहत नाही. बोअर आला 68.6.

मिस्त्रींनी त्यांच्या वहीतून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची मापं सांगितली, मी ती लिहून घेतली. फियाट 1100 आणि पद्मिनी, बोअर 68, स्ट्रोक 75, चार सिलिंडर. मारुती 800, बोअर 68.5, स्ट्रोक 72, पण सिलिंडर तीनच. जुनी स्टँडर्ड हेराल्ड, बोअर 63, स्ट्रोक 76. अँबेसिडरचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, बोअर 73, स्ट्रोक जवळजवळ 89. आणि प्रीमियरचीच नंतरची 118 एनई, बोअर 73, स्ट्रोक 70.

आता बघा गंमत. नुसता बोअर बघितला असता तर 68.6 हे माप फियाटच्या 68 पेक्षा मारुतीच्या 68.5 ला जवळ आहे. आम्ही चटकन मारुती म्हणून मोकळ्या झालो असतो. पण सिलिंडर चार आहेत, म्हणजे मारुती बाद. नुसता स्ट्रोक बघितला असता तर 75 आणि हेराल्डचा 76, एकाच मिलिमीटरचा फरक. पण हेराल्डचा बोअर 63, तो 68 पर्यंत कुणी वाढवत नाही. अँबेसिडर आणि 118 एनई यांचा बोअर एकच, त्यांना वेगळं करायचं तर स्ट्रोकच लागतो. एक माप फसवू शकतं. दोन मापं आणि सिलिंडरची संख्या अशी तिन्ही एकत्र बसली की मगच बोलायचं. मिस्त्रींनी शेवटी ब्लॉक उलटा करून क्रँक किती ठिकाणी धरलाय तेही दाखवलं. तीन बेअरिंगवर होता. फियाटचा तीनवरच असतो, 118 एनईचा पाचवर.

मग वरचे 0.6 मिलिमीटर कुठून आले? हे त्या पोरीनेच ओळखलं. तिने पिस्टनचं डोकं पुसलं आणि तिथे ठोकलेलं होतं, 0.60. इंजिन झिजलं की लेथवर नळी थोडी मोठी करतात आणि तेवढेच मोठे पिस्टन घालतात. त्याला ओव्हरसाइज म्हणतात. म्हणजे मूळचा 68, त्यात बोअर केलेले 0.6, झाले 68.6. नळीच्या भिंतीवर गंजाखाली बारीक तिरप्या रेघांची जाळीही दिसत होती. बोअर केल्यावर घासणी करतात तिच्या त्या रेघा. इंजिन बरंच चाललं की त्या पुसट होतात. आमच्या ब्लॉकमध्ये त्या स्पष्ट होत्या. म्हणजे बोअर करून आणल्यावर हे इंजिन चाललेलंच नव्हतं.

आठवीतलं गणितही मी वहीवर करून बघितलं. मूळ बोअर 6.8 सेंटिमीटर, त्याची त्रिज्या 3.4. 3.4 गुणिले 3.4 गुणिले 3.14, झाले साधारण 36.3. त्याला 7.5 ने गुणलं, 272. चार सिलिंडर म्हणून चारने, साधारण 1,089. पद्मिनीचं इंजिन कागदावर 1089 सीसीचंच. आठवीत वृत्तचितीचं घनफळ शिकताना हे कशाला असं मी बाईंना विचारलं होतं. उत्तर मिळायला वीस-बावीस वर्षं लागली.

तर इंजिन पद्मिनीचं, एवढं ठरलं. काकूंच्या चेहऱ्यावर उजेड आला. पण मिस्त्रींनी थांबवलं. म्हणाले, "हे बघा, 68 बाय 75 हे माप फियाटने इटलीत 1937 सालापासून वापरलंय. मापावरून कूळ कळतं, नाव नाही. हे पद्मिनीचं आहे हे मी सांगीन. हे तुमच्या मालकांचं आहे हे मात्र लोखंड सांगणार नाही. ते कागदच सांगेल."

मैत्रिणींनो, ते वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

कागद कुठे? काकू म्हणाल्या, "त्यांचं सगळं ट्रंकेत हाय. मी अजून उघडली नाही." दोन वर्षं झाली होती. ती ट्रंक उघडणं हे इंजिन धुण्यापेक्षा अवघड काम होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कुणी घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला.

ट्रंकेत खाकी शर्ट होता, टॅक्सीचा बॅज होता, मीटर तपासणीच्या पावत्या होत्या, जुन्या आरसी बुकाची झेरॉक्स होती. आणि बिस्किटाच्या डब्यात रबर लावून ठेवलेल्या गॅरेजच्या पावत्या. त्या आम्ही एकेक वाचत गेलो. काकूंना वाचता येतं पण सावकाश. तरी ती पावती त्यांनीच शोधली. मुंबईतल्या एका लेथवाल्याची, 2006 सालची. वर काकूंच्या मालकांचं नाव आणि त्यांच्या टॅक्सीचा नंबर. खाली लिहिलेलं, फियाट स्पेअर ब्लॉक, बिननंबरी, बोअर आणि होनिंग, पिस्टन सेट 0.60.

0.60. पिस्टनवर होतं तेच.

नुसती पावती असती तर कुणीही म्हणालं असतं, ही कशावरून याच ब्लॉकची? नुसतं माप असतं तर कुणीही म्हणालं असतं, फियाट आहे खरी, पण कुणाची? दोन्ही जुळली तेव्हा कुठे गोष्ट उभी राहिली. काकूंना मग आठवलं की गाडी बंद राहिली तर दिवसाची कमाई बुडते म्हणून एक इंजिन तयार ठेवायचं असं ते म्हणायचे. ते बसवायची वेळच आली नाही, त्याआधी गाडी वयाच्या नियमात गेली. इंजिन टेम्पोने गावी आलं आणि पोत्याखाली राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही एका साध्या कागदावर सगळं लिहिलं, फोटो आणि पावतीची झेरॉक्स जोडली आणि आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच घेतली. काकूंच्या दोन्ही मुलांची संमती लेखी घेतली, कारण वडिलांच्या मागे राहिलेली वस्तू एकट्या कुणाची नसते. मग मिस्त्रींच्या ओळखीने पुण्याचे एक गृहस्थ आले. ते स्वतःची जुनी पद्मिनी नीट करत होते. त्यांनी आमची मापं पुन्हा स्वतः मोजून बघितली, आम्हाला राग आला नाही, उलट बरं वाटलं. साडेनऊ हजारांना व्यवहार झाला. विक्रीपत्रात आम्ही स्पष्ट लिहिलं की ब्लॉकवर नंबर नाही, आणि गाडीत बसवताना आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद करून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. दोघांच्या सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स.

काकूंनी तीन हप्ते भरले. भंगारवाला पुन्हा एकदा आला होता. काकूंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि पावतीची झेरॉक्स वाचायला दिली. तो वाचेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या.

आता हे मी तुम्हाला का सांगते? तुमच्यापैकी सगळ्यांच्या शेडात पद्मिनीचं इंजिन नसेल. पण पंप असेल, जुनी मोटर असेल, ट्रॅक्टरचा भाग असेल, सासऱ्यांची स्कूटर असेल. माणूस गेल्यावर अशा वस्तूंचं काय करायचं ते बाईला कुणी शिकवलेलं नसतं आणि नेमकी त्याच वेळी दारात घाई करणारा माणूस येतो. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, "गुपचूप" हा शब्द कुणी वापरला की व्यवहार तिथेच थांबवा. खरा माल गुपचूप विकावा लागत नाही.

दुसरी, वस्तू घासण्याआधी तिचे फोटो काढा आणि नंबराच्या जागेला हत्यार लावू नका. घासल्याचं दिसलं आणि कागदही नसेल तर विकू नका आणि विकतही घेऊ नका. पोलीस ठाण्यात जाऊन सांगा. एकटीने नको, गटातल्या दोघी बरोबर घ्या.

तिसरी, एका खुणेवर विश्वास ठेवू नका. दोन-तीन मापं घ्या, जाणत्या माणसाला विचारा, आपल्या मुलींना विचारा. आयटीआयला जाणाऱ्या मुलीला "हे काय पोरींचं काम" म्हणू नका. आमच्या गावात तरी आता कुणी म्हणत नाही.

चौथी, पावत्या जपा. आणि मालक हयात असतानाच विचारून घ्या, घरात काय आहे, कुठून आलं, त्याचा कागद कुठे आहे. गाडी नावावर असेल आणि माणूस गेला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा असतो. दुःखात हे दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून गटातल्या बाकीच्यांनी आठवण करून द्यायची. आमच्या गटात आम्ही आता हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीच्या घरातल्या अशा वस्तू आणि कागद कुठे आहेत ते लिहायला सुरुवात केली आहे.

आणि एक माझ्यासाठी. कुणी बैठकीत अडचण सांगितली की मी आता थकबाकीचं पान लगेच उघडत नाही. आधी विचारते, "ती वस्तू काय आहे ते बघितलंय का?"

पुढच्या महिन्यात बोलू. तोवर ट्रंकेतल्या पावत्या एकदा उन्हात घाला. नमस्कार.